नेटचा धंदा झटपट कसा बसवावा

परवा रात्री आमची बारा कोरची, म्हणजे बारा काचतंतूंची, नेटची केबल खांबावर तुटलेली सापडली. जेसीबी नाही, उंदीर नाही. टोकं एकदम साफ, कटरची. कापणाऱ्याची धंद्याची जाण पाहून वाटलं, ही विद्या गल्लीबोळातल्या सगळ्या छोट्या नेटवाल्यांपर्यंत पोचायलाच हवी. तेव्हा घ्या.

दर आधी पाडा. मोठी कंपनी 30 एमबीपीएस 399 ला देते ना, तुम्ही 350 ला द्या, तेही जीएसटी धरून. 18 टक्के गेले की हातात 296 रुपये 61 पैसे. त्यात वरून विकत घ्यायची बँडविड्थ, खांबाचं भाडं, पोरांचे पगार आणि वर राउटर फुकट. तिकडे 399 वर जीएसटी वेगळा, म्हणजे बिल 471 चं होतं, हे गिऱ्हाइकाला चुकूनही सांगू नका.

पोर्ट, म्हणजे आपल्या मुख्य यंत्राचं एकेक तोंड, वाया घालवू नका. त्यातल्या बी प्लस लेझर मॉड्यूलला 28 डीबीचं बजेट, म्हणजे वाटेत प्रकाश तेवढा घटला तरी चालतं. एकाचे आठ फाटे करणाऱ्या 1:8 स्प्लिटरचे दोन टप्पे त्यातले 21 खातात. उरलेल्या सातात फायबर, जॉइंट, कनेक्टर. तिथे आणखी एक 1:2 घुसवा, साडेतीन गेले. टोकाची घरं पावसाळ्यात बंद पडतील, तेव्हा म्हणायचं, ‘वरूनच प्रॉब्लेम आहे.’

ओएलटीला, म्हणजे त्या मुख्य यंत्राला, बॅटरी कशाला? वीज गेली की गिऱ्हाइकानेही झोपावं.

सीजीनॅटचे लॉग, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला एकच आयपी पत्ता कोणी कधी वापरला याची नोंद, दोन वर्षं ठेवायची असते म्हणे. पोलिसांचं पत्र आलं की बघू.

आता मुख्य विद्या. गिऱ्हाईक वाढवायला जाहिरात नको, कटर पुरे. समोरच्या नेटवाल्याने खांबावर जादा केबलचा लूप सोडला नसेल तर उत्तमच. केबल ताणून जुळत नाही, मधे नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जॉइंट, बाराच्या जागी चोवीस स्प्लाइस, म्हणजे तंतूंचे सांधे. प्रत्येक कोर सोला, अल्कोहोलने पुसा, क्लीव्ह करा, म्हणजे टोक सरळ तोडा, मशीनमध्ये जोडा, स्लीव्ह तापवा, ट्रेमध्ये न मोडता गुंडाळा. हे सगळं शिडीवर, टॉर्च तोंडात धरून. घाईत एक क्लीव्ह तिरका गेला की तोटा 0.05 च्या जागी अर्धा डीबी, आणि जी घरं कमीत कमी प्रकाशावर जेमतेम तग धरून होती तिथे एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा. आणि तो दिवा बघत बसलेला माणूस तुमच्याकडे येतो असं खरंच वाटतं तुम्हाला? तो एअरफायबर मागवतो! गच्चीवर डबा, 5जीचा सिग्नल, खांब नाही, केबल नाही. कापा आता काय कापायचं ते.

पुरे झालं. अरे, मोठ्या कंपनीकडे तक्रार केली की तिकीट नंबर मिळतो, आपल्याकडे केली की तासाभरात माणूस दारात येतो. विकायला आपल्याकडे तेवढंच आहे, आणि तेच तुम्ही रात्री कापत फिरता. एकाच खांबावर दोघांच्या केबली आहेत. कुठली कोणाची ते कळायला टॅग लावा. रिकामे कोर एकमेकांना भाड्याने द्या, फीडरची, म्हणजे मुख्य केबलची, रिंग करा, एक तुटला तर दुसऱ्या बाजूने सिग्नल पोचेल. बँडविड्थ मिळून घ्या, एकट्याला कोण दर देतं? आणि खांबावर चढायची एवढीच हौस असेल तर आधी स्वतःच्या लोंबत्या वायरी आवळा, दुचाकीवाल्यांच्या गळ्यात येतायत.