सगळे मिळून हरू या

सहकारी पत्त्यांच्या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, असं खोक्यावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात खोका तटस्थपणे मजा बघतो आणि भांडण आपसातच जुंपतं. रमीत हरलं तर निदान जिंकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात. इथे जिंकणारा कोणीच नसतो, त्यामुळे राग कुणावर काढायचा यावरही एकमत करावं लागतं.

त्यात विषय ऐतिहासिक शोधमोहिमांचा. हे खेळ बनवणाऱ्या मंडळींना सुखरूप पार पडलेल्या मोहिमांचं वावडं असावं. नॉर्वेचा आमुनसेन कुत्री आणि स्की घेऊन निघाला, 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला आणि परतही आला. त्याचा खेळ काढला तर तो पत्ते वाटतानाच संपेल. म्हणून मग आर्क्टिकमधून जलमार्ग शोधायला निघालेला ब्रिटिश कप्तान फ्रँकलिन : 1845 साली दोन जहाजं, 129 माणसं, तीन वर्षांचा शिधा, आणि परत कोणीही नाही. किंवा पर्सी फॉसेट, जो 1925 साली मुलाला आणि मुलाच्या मित्राला घेऊन ब्राझीलच्या जंगलात हरवलेलं शहर शोधायला गेला आणि स्वतःच हरवला.

या फॉसेटच्या वाटेवर ‘द लॉस्ट एक्स्पेडिशन’ नावाचा खेळ आहे. खोका छोटा, नियम थोडे, छळ भरपूर. तीन शोधक, थोडं अन्न, थोडी काडतुसं. प्रत्येक पानावर रंगीत चौकटी : पिवळ्यातलं सोसावंच लागतं, तांबड्यांतलं एक संकट निवडावं लागतं, निळं घ्यायचं की सोडायचं ते आपण ठरवायचं. सकाळच्या चालीत टाकलेली पानं क्रमांकाप्रमाणे चढत्या रांगेत लावायची, संध्याकाळी क्रमांक बघायचे नाहीत. खेळाचा सगळा काटा या सकाळच्या रांगेत आहे. समजा, मी हिशेब करून अन्न देणारं 12 क्रमांकाचं पान टाकलं, कारण पुढे 31 वर अन्न मोजून सुटका आहे. तेवढ्यात शेजारचा निरागसपणे 20 क्रमांकाचं पान टाकतो. ते बरोबर मधे जाऊन बसतं, पिवळ्या चौकटीत अन्न मागतं, आणि 31 पर्यंत पोचेपर्यंत शिदोरी रिकामी. वर तो विचारतो, “चांगलं पान टाकलं ना मी?”

यावर उपाय एकच : पान टाकण्याआधी रांगेत ते कुठे बसेल हे बोट ठेवून बघायचं आणि डावीकडून उजवीकडे अन्नाची बेरीज-वजाबाकी मनात करायची. चाल संपल्यावर जेवणाचं एक टोकन जातं, तेही धरायचं. हे धरायचं सगळेच विसरतात, आणि मग उपाशी शोधकाच्या तब्येतीवर बेतलं की “नियम चुकीचा आहे” असं म्हणतात.

अशा बहुतेक खेळांत हातातली पानं उघड सांगायची नसतात. हा नियम का, ते समजून घ्या : सगळी पानं उघडी झाली की खेळ एकटाच माणूस खेळतो, बाकीचे त्याचे हमाल होतात. पण आपल्या लोकांना गुपित ठेवणं मानवत नाही. “मी काही सांगत नाही, पण शोधकाला साप चावला तर घाबरू नका,” असं बोलून वर छताकडे बघायचं. यापेक्षा पान दाखवलेलं परवडलं.

आणि तो एकटा माणूस प्रत्येक टेबलावर असतोच. तो स्वतःची चाल पाच सेकंदांत खेळतो आणि उरलेला वेळ इतरांच्या खेळतो. 24 नोव्हेंबर 1805 रोजी, कोलंबिया नदीच्या मुखाशी हिवाळा कुठे काढायचा यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या मोहिमेचे प्रमुख लुईस आणि क्लार्क यांनी तुकडीतल्या सगळ्यांची मतं घेतली. त्यांत गुलाम असलेल्या यॉर्कचं आणि साकागाविआ या मूलनिवासी स्त्रीचंही मत टिपलं गेलं. दोनशे वर्षांनंतर टेबलावर चौघांची मतं घ्यायला हा गृहस्थ तयार नसतो. माझा अनुभवसिद्ध तोडगा असा : ज्याची पाळी, तो आधी बोलेल; सर्वज्ञ शेवटी बोलेल, तेही विचारलं तर. शिवाय पानांवरची कथा मोठ्याने वाचायचं काम त्यालाच द्यावं. तोंड गुंतून राहतं.

कथेचे खेळ निराळ्याच तऱ्हेने पिडतात. त्यांच्या गठ्ठ्यातली पानं क्रमांकाने लावलेली असतात आणि सांगितल्याशिवाय पिसायची नसतात. पण पत्त्यांचा गठ्ठा हाती आला की पिसायचा, हे बोटांत भिनलेलं असतं. खोका उघडल्या उघडल्या कथेचा गठ्ठा रबर लावून बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच पानावर नायकाचा अंत्यविधी निघेल.

जे गठ्ठे पिसायचे असतात ते मात्र कोणी धड पिसत नाही. वापरलेली पानं एकावर एक पडतात तेव्हा एकाच संकटाच्या पानांचे, म्हणजे ताप, ताप, ताप असे घोस तयार होतात. दोनदा वरवर पिसून ते सुटत नाहीत. 52 पानांना, अर्धे-अर्धे भाग एकमेकांत मिसळायच्या, साधारण सात पिसण्या लागतात. आणि नीट पिसूनही नशिबाला शिव्या देण्याआधी गणित करा. 40 पानांत तापाची 4 असतील आणि 5 उचलली, तर निदान एक ताप येण्याची शक्यता 43 टक्के. “दर वेळी आपल्यालाच कसं येतं?” याचं उत्तर एवढंच आहे.

पानांना प्लास्टिकचे स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक पाकिटं, घालायचे तर नेहमीच्या पानाचं माप 63 × 88 मिलिमीटर, पण आपल्या खेळातलं एक पान आधी मोजून घ्या. दोन्ही बाजूंना 100 मायक्रॉनचा स्लीव्ह असला तर 100 पानांमागे गठ्ठा 2 सेंटिमीटर फुगतो. मग खोक्याचं झाकण अर्ध्यावर अडतं आणि आतला सुंदर पुठ्ठ्याचा कप्पा काढून टाकावा लागतो.

डाव अर्ध्यावर थांबला तर पटाचा फोटो काढा आणि प्रत्येकाच्या हातातली पानं नाव लिहिलेल्या वेगळ्या झिपलॉक पिशवीत भरा. पानांचा क्रम, उरलेलं अन्न आणि पाळी कोणाची होती हे चिठ्ठीवर लिहून तीही आत टाका. हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या बैठकीत पाळी सर्वज्ञाचीच निघते.