सुपारीचा वजीर

आमच्या घरी कुकर कधी लावायचा, हे माझा वजीर ठरवतो. पावसाळ्यात साडेसहाच्या सुमारास वीज जाते. सातला शेजारचे आबा छत्री झटकत पडवीत बुद्धिबळ खेळायला येतात. सव्वासातला माझा वजीर मरतो आणि आतून बायकोचा आवाज येतो, "गेला का? मग तांदूळ धुते." गेल्या कित्येक पावसाळ्यांत आम्हाला जेवायला उशीर म्हणून झालेला नाही.

पट आजोबांचा, सागवानी. मोहरी त्यांनीच सावंतवाडीहून आणलेली, लाकडी. त्यातला पांढरा वजीर माझ्या लहानपणी हरवला. माझ्यावर आळ आहे, पण साक्षीदार नाही. तेव्हापासून त्याच्या घरात परसातल्या पोफळीची एक सुपारी बसते. खालून थोडी चपटी असल्यामुळे उभी राहते, पण पटाला कोणाचा गुडघा लागला की आधी तीच गडगडते. ही सुपारीची बाजू कायम माझ्याकडे. आबांना सात दाढा शिल्लक आहेत, त्यांचा पानाचा डबा आणि अडकित्ता सदैव मांडीजवळ असतो, आणि त्यांच्या बाजूला सुपारी ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

आबांनी तीस-एक वर्षं देवगड बंदरातून मासेमारी केली. आता मुलगा ट्रॉलर बघतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यामुळे मुलगाही घरी, जाळी विणत. आबांना मात्र या दिवसांत माझा वजीर हीच काय ती मासळी.

खेळ कसा होतो ते सांगतो. मी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो. आबाही तेच करतात. इथे शहाणा माणूस घोडा काढतो. माझा हात मात्र आपोआप सुपारीकडे जातो, आणि वजीर तिरका सुटतो तो थेट उजव्या कडेला. तिथून तो आबांचं मधलं प्यादं मागतो आणि त्यांच्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावरही डोळा ठेवतो. ते प्यादं म्हणजे पटावरचं सगळ्यात अनाथ पोर. सुरुवातीला राजाशिवाय त्याला कोणी नाही. आपला उंट आणून त्याच्यावर रोखायचा, समोरच्याला कळलं नाही तर चौथ्या चालीला वजिराने ते खायचं, आणि मात! इयत्ता चौथीत मी या एका युक्तीवर अख्खा वर्ग झोपवला होता. त्या वर्षी कोणीतरी मला हरवायला हवं होतं. आज चाळिशी उलटल्यावर हे भोग नसते.

कारण आबा चौथीत नाहीत. त्यांनी घोडा काढला, मधलं प्यादं राखलं. मी उंट आणला. त्यांनी राजाच्या घोड्याचं प्यादं एकच घर पुढे केलं, ते नेमकं वजिराच्या तोंडावर. वजीर मागे. पण अजून त्याच अनाथ पोरावर नजर. त्यांनी दुसरा घोडा मधे आणला. मग मी वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला, उंटाच्या पाठीशी नेला. पहिला घोडा उडी मारून मध्यावर आला आणि वजिराकडे बघू लागला. वजीर एक घर बाजूला. तिथे आबांनी आपला उंट आणून त्याच्या समोर ठेवला. राखायला कोणी नाही. फुकट!

फुकटचा उंट बघितल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. वजिराने उंट खाल्ला, घोड्याने प्यादं खाऊन राजाला शह दिला, आणि त्याच घोड्याचा दुसरा पाय माझ्या वजिरावर. सात चाली झाल्या होत्या. त्यांतल्या पाच माझ्या वजिराच्या. आबांचे दोन्ही घोडे बाहेर, आणि माझे दोन्ही तबेल्यात, गवत खात.

"झिला," आबा सुपारी उचलून आपल्या बाजूला ठेवत म्हणाले, "तुझो वजीर म्हणजे मे म्हयन्यातलो चाकरमानी. येता धावत, सगळ्या वाडीत मिरावता, आणि परतीच्या गाडयेत जागा गावणा नाय."

आतून कुकरचं झाकण लागल्याचा आवाज आला.

वजीर लवकर का काढू नये, हे मला कळत नाही असं नाही. कळतं. तो सगळ्यात महाग, म्हणून त्याला कोणीही किरकोळ मोहऱ्याने धमकावलं तरी पळावं लागतं. प्यादं पुढे आलं, पळ. घोडा आला, पळ. प्रत्येक धमकीत समोरच्याचं एक मोहरं आयतं बाहेर येतं. म्हणजे माझा वजीर आबांची सगळी फौज दारोदार फिरून उठवतो, चहा पाजतो आणि रणांगणावर नेऊन सोडतो. हे सगळं मला दुसऱ्या चालीच्या आधीपर्यंत पाठ असतं.

गंमत म्हणजे मूळचा वजीर असा उंडगा नव्हताच. जुन्या खेळात तो तिरका एक घर सरकायचा, बस. राजाच्या बाजूला बसून मान डोलावणारा कारभारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची राणी झालेली होतीच, तिला एकदम पटभर धावायची मुभा मिळाली. मला पूर्वीचा वजीर मिळाला असता तर माझं नाव झालं असतं. बाहेर काढून काढून किती काढणार?

गेल्या गणपतीत डोंबिवलीहून भाची आली होती. वय वर्षं अकरा, ऑनलाइन शिकवणी चालू, आणि त्याच जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकलेला, त्यामुळे अंगात वारं. माझा डाव बघून ती म्हणाली, "मामा, तू दुसऱ्याच चालीला क्वीन का काढतोस?"

मी तिला गप्प बसवायला मोठी नावं काढली. म्हटलं, अगं, अमेरिकेचा नाकामुरा ग्रँडमास्टर असून दुसऱ्या चालीला अगदी याच घरात वजीर काढून बसला होता, २००५ साली, आपल्या शशिकिरणविरुद्ध.

"हो. हरला."

बरं, आनंद? १९९५ साली न्यू यॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७व्या मजल्यावर, कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाचा सामना. चौदाव्या डावात आनंदने स्कँडिनेव्हियन नावाची सुरुवात लावली, दुसऱ्या चालीला वजिराने प्यादं मारलं. आणि सुरुवातीनंतर त्याची स्थिती चांगली होती!

"हो. पण हरला ना?"

मग मी हुकमाचा एक्का टाकला. फिशर! १९७२, रेक्याविक, जगज्जेतेपदाच्या सामन्यात स्पास्कीविरुद्ध अकरावा डाव. वजीर पार समोरच्याच्या घरात शिरून प्यादं खाऊन आला. त्या प्याद्याला नावच आहे, विषारी प्यादं.

भाचीने मोदकाची कळी तोंडात टाकली. "खाऊन आला नाही मामा. तिथेच अडकला. तोही डाव गेला."

फिशरने तो सामना शेवटी जिंकला, हे मी ओरडून सांगितलं, पण तोवर ती आरतीला पळाली होती. माझे तिन्ही साक्षीदार कोर्टात उलटले. आबा खांबाला टेकून हे ऐकत होते. त्यांना ना नाकामुरा माहीत, ना रेक्याविक. ते एवढंच म्हणाले, "नारळी पुनवेआधी होडी कोण भायर काढता रे? दर्यो काय तुझो मेव्हणो आसा?"

बायकोचं म्हणणं, हा पटाचा दोष नाही, रक्ताचा आहे. तिच्याकडे पुरावा आहे. हापूस चौदा आणे तयार झाल्यावर उतरवायचा, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. देठाजवळचे खांदे भरले पाहिजेत, रंगात फरक पडला पाहिजे, मग आंबे उतरवायचा झेला लावायचा. एका वर्षी फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्यांना काय भाव मिळतोय ते ऐकून मला राहवेना. दहा-अकरा आण्यांचे आंबे उतरवले, पेंढ्यात घालून बारा पेट्या पाठवल्या. पिकले नाहीत. सुरकुतले. दलालाचा फोन आला, तो फार सभ्य माणूस, त्याने फक्त एवढंच विचारलं की या पेट्या लोणच्याच्या का? तेव्हापासून मी सुपारीला हात घातला की आतून प्रश्न येतो, "किती आणे?"

तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. जुलैचा शेवट, कोसळणारा पाऊस, वीज दुपारपासूनच नाही. त्या दिवशी मी देवापुढे हात जोडले आणि ठरवलं, वजीर हलवायचा नाही. हात शिवशिवला तर ढुंगणाखाली घालून बसायचं. मेणबत्ती पेटवली. प्यादं. घोडा. उंट. दुसरा घोडा. कॅसलिंग, म्हणजे राजा कोटात. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे, मग सुपारीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बरां नाय काय रे तुका?"

मी उत्तर दिलं नाही. बोललो असतो तर वजीर हलवला असता. दहा चाली झाल्या. सुपारी जागच्या जागी. आबांना हल्ला करायला काही सापडेना. त्यांचे घोडे बाहेर येऊन नुसते उभे, बाजारात आलेल्या पण पैसे विसरलेल्या माणसासारखे. आबा विचार करायला लागले. मी त्यांना विचार करताना याआधी कधी पाहिलं नव्हतं. आतून बायकोने दोनदा विचारलं, "गेला का?" तिसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिली. कुळथाची पिठी गार होत होती आणि भाताला आधण नव्हतं. "आहे अजून?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला लग्नानंतर पहिल्यांदाच थोडा आदर ऐकू आला. थोडी भूकही असेल.

बाराव्या चालीला वाऱ्याचा झोत आला, पागोळ्या पडवीत आल्या आणि मेणबत्ती विझली. काळोख म्हणजे असा की समोरचे आबा नुसत्या श्वासावरून कळत होते. त्यांनी पाय आत ओढला. पटाला धक्का बसला. काहीतरी गडगडलं.

"हलू नका आबा," मी म्हणालो. "कुठलं मोहरं कुठे होतं ते माझ्या ध्यानात आहे. बॅटरी आणतो."

बॅटरी सापडेना. बायको काड्यापेटी शोधायला आत गेली. पाऊस कौलांवर ताशे वाजवत होता. त्या आवाजातही आबांच्या बाजूने पानाचा डबा उघडल्याचं मला ऐकू आलं. आबा विचारात पडले की पान लावतात, हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

मग आवाज आला. कट्. आणि पाठोपाठ आणखी एक. कट्.

"आबा!"

बायकोने काडी ओढली. उजेडात पट दिसला. राजा कोटात, हत्ती शेजारी, दोन्ही घोडे ऐटीत, आणि वजिराचं ते एक घर रिकामं. आबांच्या तळहातावर अडकित्ता. त्यांचा डावा गाल फुगलेला. त्यांनी पटाकडे पाहिलं, अडकित्त्याकडे पाहिलं, आणि चघळायचं थांबले. मग, आता थुंकून काय उपयोग असा विचार करून, पुन्हा सुरू झाले.

बायको वळली आणि तांदूळ धुवायला आत गेली.

"चाल कोणाची रे आता?" आबांनी विचारलं.