‘मोठा प्रोपेलर लावा, बोट पळेल’: हा सल्ला का ऐकू नये

मोटारबोट बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचं सार असं: आहे त्यापेक्षा दोन-चार इंच जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा) प्रोपेलर बसवा, वेग वाढेल. इंजिन कमी फेऱ्यांवर चालेल, म्हणून इंधन वाचेल आणि इंजिन जास्त टिकेल. व्यासाचा फार विचार नको, कुठे घासत नाही ना एवढं पाहा. आणि घ्यायचाच तर स्टीलचा, तीन पात्यांचा घ्या. चार पात्यांनी बोट मंदावते.

या सल्ल्याने चांगली इंजिनं खराब होतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी वेगाचं पाहू. प्रोपेलरवर १३ × १७ असे दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि प्रोपेलर त्यात स्क्रूसारखा शिरला असता, तर एका फेऱ्यात तो जेवढा पुढे गेला असता, तेवढा त्याचा पिच. समजा इंजिन ५५०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) आहे आणि गिअरचं प्रमाण २:१ आहे. प्रोपेलर मिनिटाला २७५० फेरे घेतो. १७ इंच पिचने हिशेब येतो ताशी ७१ किलोमीटर. प्रत्यक्षात पाणी थोडं मागे सरकतं, त्याला स्लिप म्हणतात. ती १५ टक्के धरली तर बोट साठेक किलोमीटरने जाते. आता १७ च्या जागी २१ घाला: कागदावर ताशी ८८ किलोमीटर! सल्ल्याचा सगळा भर या आकड्यावर आहे.

पण त्यात फेरे ५५०० वरच राहतील असं गृहीत धरलंय, आणि ते राहत नाहीत. पिच एका इंचाने वाढवला की पूर्ण थ्रॉटलवर (वेगाचा लिव्हर पूर्ण उघडून) साधारण १५० ते २०० फेरे घटतात. चार इंच वाढवले तर इंजिन ४८०० च्या आसपासच अडकतं. बोटीला वेग मिळतो तो अश्वशक्तीतून, आणि पुष्कळशी आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेली) इंजिनं आपली पूर्ण शक्ती ५००० ते ६००० च्या पट्ट्यात देतात. त्या पट्ट्याखाली इंजिन दाबून ठेवलं की विकत घेतलेली शक्तीच वापरता येत नाही. कमाल वेग वाढत नाही, बहुतेकदा उतरतो. बोट पाण्यावर उचलली जायला वेळ लागतो, आणि माणसं-सामान भरलेलं असेल तर कधी कधी ती उचललीच जात नाही.

मग काहींना या सल्ल्याचा फायदा झाला तो कसा? त्यांचा आधीचा प्रोपेलर लहान होता. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कमाल मर्यादेच्या वर जात असेल तर पिच वाढवणं हाच उपाय आहे. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांच्या बोटीपुरता.

‘कमी फेरे म्हणजे इंजिनाला आराम’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी घालून ॲक्सिलरेटर दाबून धरला तर फेरे कमीच असतात, पण तो आराम नसतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण जातंय आणि फेरे चढत नाहीत, अशा वेळी आतला दाब आणि तापमान वाढतं. पेट्रोल इंजिनात नॉकिंग (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटणं) होऊन पिस्टनला इजा होते. डिझेल इंजिन काळा धूर सोडतं, कारण सगळं इंधन जळत नाही, आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. त्यात इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालणारा, म्हणजे ताण जास्त असताना तोही हळू फिरतो.

इंधनाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. कमी भारावर, अर्ध्या थ्रॉटलवर, थोडा जास्त पिच असेल तर थोडं इंधन खरंच वाचू शकतं. काही जण समजून-उमजून तसा प्रोपेलर लावतात, पण मग ते थ्रॉटल कधीही पूर्ण उघडत नाहीत. फिरणाऱ्या सल्ल्यात ही अट कुठेच नसते, आणि ज्याला वेगासाठी मोठा पिच हवाय तो थ्रॉटल उघडणारच.

व्यासाकडे दुर्लक्ष करणं तर आणखी महागात पडतं. प्रोपेलर खेचत असलेली शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. सगळी प्रमाणं तीच ठेवून, तेवढ्याच फेऱ्यांवर, १३ इंचांचा १४ केला तर सुमारे ४५ टक्के जास्त शक्ती लागते! ढोबळ हिशेबाने व्यासाचा एक इंच पिचच्या दोन ते तीन इंचांएवढा भार टाकतो. आणि ‘घासत नाही’ एवढं पुरत नाही. इनबोर्ड (इंजिन आत असलेल्या) बोटीत पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या निदान १० ते १५ टक्के अंतर हवं. नाहीतर प्रत्येक पातं जाताना दाबाचा धक्का तळावर बसतो आणि सगळी बोट थरथरते.

मोठा व्यास चांगला असतो तो जड, संथ बोटींना, जोडीला मोठं रिडक्शन (गिअरने प्रोपेलरचे फेरे कमी करणं) असेल तर. अशा बोटीचा वेग लाटाच बांधून ठेवतात: पाण्याच्या रेषेवर ९ मीटर लांबी असेल तर सुमारे ७.३ नॉट. तिथे पिच वाढवून फक्त मागची लाट मोठी होते.

आकार वाढला की जोर वाढतो, ही समजूत प्रोपेलरइतकीच जुनी आहे. इंग्रज संशोधक फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्यांचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यातल्या चाचणीत त्याचा अर्धा भाग मोडून पडला, आणि बोट आधीपेक्षा जोरात जाऊ लागली.

पाती आणि धातू यांवर थोडक्यात. चौथ्या पात्याने कमाल वेग किंचित कमी होतो हे खरं. पण कंपन घटतं, वळताना पकड टिकते आणि भरलेली बोट लवकर उचलते. नेहमी माणसं घेऊन जाणाऱ्याने ते आनंदाने घ्यावं. स्टीलची पाती पातळ असूनही कमी वाकतात, त्याचा थोडा फायदा मिळतो, पण चुकीचा पिच स्टीलमध्येही चुकीचाच.

निवड करायची तर बोट नेहमीच्या भाराने भरा, टॅकोमीटर (फेरे दाखवणारा काटा) बरोबर दाखवतोय याची खात्री करा आणि शांत, मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे वाचा. इंजिनच्या पुस्तिकेत कमाल फेऱ्यांचा पट्टा दिलेला असतो, त्याच्या वरच्या अर्ध्या भागात आकडा यायला हवा. पट्टा ५००० ते ६००० असताना १९ पिचवर ५१०० मिळत असतील, तर १७ घ्या; फेरे साडेपाच हजारांच्या जवळ येतील. पुढे कधी रिकाम्या बोटीत ते मर्यादेबाहेर जाऊ लागले तर थ्रॉटल थोडा मागे घेता येतो. भरलेल्या बोटीत मोठ्या पिचने अडवलेले फेरे थ्रॉटलने परत मिळत नाहीत.