विडीच्या बंडलावर युनियनचं लेबल कसं लावावं

सोलापुरी विडीवर युनियनचं लेबल, म्हणजे माल युनियनच्या अटी पाळून बनवला असं सांगणारी चिठ्ठी, लावायची हौस आलीच असेल, तर आधी जागा शोधा. 2016 पासून बंडलाच्या दर्शनी भागातली 85 टक्के जागा सरकारी इशाऱ्यानं घेतली आहे. उरलेल्या 15 टक्क्यांत कारखान्याचं नाव आणि छाप. तिथंच कोपऱ्यात कामगार बाईला बसवा. दाटीवाटीची तिला सवय आहे.

नमुना अमेरिकेचा घ्या. सान फ्रान्सिस्कोच्या सिगार कामगारांनी 1870 च्या दशकात पांढरं लेबल काढलं. मजुरी नीट दिली, असं ते सांगत नव्हतं. चिन्यांचा हात लागलेला नाही, असं सांगत होतं. असली लेबलं आपल्याकडं न छापताही वाचता येतात, तेव्हा ही पायरी गाळा. 1880 मध्ये सिगार कामगारांच्या मोठ्या युनियननं निळं लेबल घेतलं. युनियनच्या अटी पाळणाऱ्या कारखान्यालाच ते मिळे, खोक्यावर चिकटवलं जाई. त्यावर तुरुंगात आणि कोंदट चाळींत वळलेल्या मालाचा धिक्कार छापलेला असे.

इथं घोटाळा होतो. आपली विडी बायका घरीच वळतात. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापावर धरून कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. पानं फाटकी निघाली तर तूट पदरच्या पैशानं भरायची. तपासणीत ‘छाट’ निघेल ती मोजणीतून बाद. निळ्या लेबलाचा मजकूर जसाच्या तसा उचललात, तर पहिला धिक्कार तिच्याच उंबऱ्याचा होईल. तेवढी ओळ खोडा. 1966 च्या कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं, पण एवढं 15 टक्क्यांत कुठं मावणार!

नकलेची चिंता नको. निळ्या लेबलाच्या नकला निघाल्या, युनियनला राज्याराज्यांत कायदे करून घ्यावे लागले. पण लेबल बघून कुणी माल घेत असेल, तरच त्याची नक्कल करण्यात फायदा. (सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते गाव सांगतं, मजुरी नाही.)

आता गिऱ्हाईक. घरखर्च बायकांच्या हातात असतो हे ओळखून अमेरिकेत 1899 मध्ये त्यांची लेबल लीग, म्हणजे लेबल असलेलाच माल घ्या असं सांगणारी संघटना, निघाली. विडीचं उलटं: वळणार बाई, ओढणार बाप्या. त्याला शिकवा की टपरीवर लेबल बघूनच विडी मागायची. सुटी विडी विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे तो अख्खं बंडलच घेईल, असं कागदोपत्री धरून चाला. प्रत्यक्षात टपरीवाला बंडल फोडून दोन विड्या काढून देतो आणि लेबल त्याच्याच गल्ल्याशी राहतं.