तर्नोवोची घटना रशियाने ताटात वाढलेली नाही

“बल्गेरियाला १८७९ साली संसद आयती मिळाली. मसुदा रशियाचा, नक्कल बेल्जियमची, आणि अडाणी शेतकऱ्यांना ती पेलली नाही म्हणून दोन वर्षांत कोसळली.” बल्गेरियातल्या तर्नोवो शहरात झालेल्या राज्यघटनेबद्दल हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात अर्धं वाक्य खरं आहे.

पहिला मसुदा, तुर्कांची सत्ता गेल्यावर बल्गेरियात बसलेल्या रशियन प्रशासनातल्या लुक्यानोव या अधिकाऱ्याचा, हे खरंच. पण त्यात काहीच सभासद निवडून येणार होते; बाकीचे राजाने नेमलेले किंवा पदसिद्ध. तर्नोवोला घटना ठरवायला भरलेल्या सभेने ते साफ नाकारलं. सगळे सभासद निवडून येतील, दर १०,००० लोकांमागे एक, आणि २१ वर्षांवरच्या पुरुषांना मत, असं ठरलं. (स्त्रियांना नाही, हेही सांगितलंच पाहिजे.) सिनेट, म्हणजे दुसरं, वरचं सभागृह हवं, असा आग्रह सभेतल्याच सनातनी गटाचा होता. त्सांकोव, स्लावेइकोव, कारावेलोव या उदारमतवाद्यांनी तो हाणून पाडला. रशियात ड्यूमा ही संसद पहिल्यांदा भरली १९०६ साली. जे स्वतःच्या घरात नाही ते दुसऱ्याला कुठून देणार?

बेल्जियमचं म्हणाल, तर तिथे दोन सभागृहं होती आणि १८९३ पर्यंत मत फक्त ठरावीक कर भरणाऱ्यांना. बल्गेरियाने नेमकं हेच घेतलं नाही.

‘अडाणी’ हा शब्द मला सर्वांत खटकतो. सभा भरली ती तुर्की अमलातल्या कचेरीत, आणि ती इमारत बांधली होती कोल्यू फिचेतो या बल्गेरियन गवंड्याने. अध्यक्ष होते अंतिम नावाचे धर्मगुरू. ते ज्या बल्गेरियन ख्रिस्ती धर्मपीठाचे पहिले प्रमुख झाले, त्याची नियमावली १८७१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला बल्गेरियन प्रतिनिधींनी कलमागून कलम वाद घालून लिहिली होती. सभेत बसायची, हात वर करून ठराव करायची सवय या लोकांना आधीपासून होती.

राहिलं कोसळणं. १८८० मध्ये याच संसदेने लेव या चलनाचा कायदा केला. १८८१ च्या वसंतात घटना गुंडाळली ती राजा अलेक्झांडर बॅटनबर्गने, आणि त्याच्या नव्या सरकारचा प्रमुख होता एर्नरोट हा रशियाच्या सैन्यातला जनरल. ज्याला दाता म्हणतात, त्याचाच माणूस! मग १८८३ मध्ये, रशियन जनरलांच्या कारभाराला विटून, एकमेकांचं तोंड न पाहणारे उदारमतवादी आणि सनातनी एकत्र आले आणि त्यांनी ती परत आणली. दोनदा दुरुस्त झालेली तीच घटना १९४७ मध्ये नवी येईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.