लागू एका रात्रीत नट झाले नाहीत हो!

फॅमिली ग्रुपवर परवा परत तेच आलं. 'डॉ. श्रीराम लागू! वयाच्या ४२ व्या वर्षी चालत्या दवाखान्याला कुलूप लावलं. त्याआधी रंगमंचावर पाऊलही ठेवलं नव्हतं. वर्षभरात नटसम्राट! तुम्ही कसली वाट बघताय? आजच राजीनामा द्या.' एरवी मी असलं न वाचता पुढे जाते, पण एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याने त्याखाली 'मावशी, बघ' लिहून मला टॅग केलं, म्हणून हा खटाटोप.

आधी त्या मेसेजबरोबरचा फोटो. तो नाना पाटेकरांचा आहे, २०१६ च्या 'नटसम्राट' सिनेमातला. म्हणजे ज्याने हे बनवलं त्याला लागू दिसायचे कसे हेही माहीत नाही.

४२ चा आकडा बरोबर आहे, तेवढं मान्य. जन्म १९२७ चा, साताऱ्याचा, आणि १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट' आलं, हेही खरं.

पण 'पाऊलही ठेवलं नव्हतं'?? काहीही! मेडिकलला असतानाच त्यांची नाटकं चालू होती, मग पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ही नाट्यसंस्था, कानेटकरांचंच 'वेड्याचं घर उन्हात' पीडीएनं केलं त्यात लागू होते, शिवाय मुंबईत रंगायन ही दुसरी नाट्यसंस्था. पेशंटही बघायचे आणि तालमीही करायच्या, असं वर्षानुवर्षं. 'लमाण' हे त्यांचं आत्मचरित्र लायब्ररीत सहज मिळतं, फॉरवर्ड करायच्या आधी कुणीतरी ते उघडा की. नट म्हणजे लमाण, इकडचा माल तिकडे पोचवणारा, असं मानणारा माणूस तो, आणि त्याला तुम्ही लॉटरी लागलेला करून टाकलात.

आणि ते कुलूप! कान-नाक-घशाचं शिक्षण घेतलं, पुण्यात काही वर्षं प्रॅक्टिस केली, मग कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन पुढचं ट्रेनिंग, नंतर टांझानियात टबोराला डॉक्टरकी, एवढं सगळं झाल्यावर सोडलं. म्हणजे सोडायला हातात काहीतरी होतं. तिसऱ्या वर्षाच्या पोराने काय सोडायचं, पॅथॉलॉजीचं जर्नल? फॉरवर्ड करणारे आमचे काका स्वतः ३४ वर्षं एकाच बँकेत होते आणि आता पेन्शन खातायत, त्यांना राजीनामा कधी सुचला नाही तो.

शेवटी 'नटसम्राट हे शेक्सपिअरच्या नाटकाचं भाषांतर' असंही ठोकून दिलंय. नाही. किंग लिअरची सावली आहे त्यावर, पण त्यातला नायक गणपतराव बेलवलकर हा नाटककार शिरवाडकरांचा स्वतःचा.

भाच्याला फोन करून विचारलं, नाटकं किती केलीस आत्तापर्यंत? म्हणाला, 'एक. गॅदरिंगला. पण त्यात मी लाइट्सला होतो.' म्हटलं मग आधी कॉलेजच्या एकांकिकेला नाव दे, तालमी संध्याकाळीच असतात.