टॉमदादा, जेवलात का?

कार्टूनप्रेमींच्या ग्रुपवर तुम्हाला नुकतंच कोणी ॲड केलं असेल, तर आधी अभिनंदन. आणि लगेच एक विनंती: तिथे कार्टूनविषयी काही विचारू नका. निदान पहिले सहा महिने तरी नाहीच. कीर्तनाला येऊन 'आख्यान कधी सुरू होणार?' असं शेजाऱ्याला विचारणारा माणूस जसा खटकतो, तसे तुम्ही खटकाल.

ग्रुपच्या नावात कार्टून आहे हे खरं. आयकॉनवर उंदीर आहे. वर्णनात ॲडमिनने 'फक्त विषयाला धरून पोस्ट कराव्यात' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. ही ओळ सोसायटीतल्या 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीसारखी समजायची. पाटी आपल्या जागी असते आणि तिच्याखाली सेक्रेटरीची गाडी उभी असते.

पहिलं काम डीपीचं. स्वतःचा फोटो चुकूनही लावू नका. अशा ग्रुपवर खरा चेहरा दाखवणारा माणूस एक तर विमा विकायला आलेला असतो, नाहीतर वॉर्डातून उभा राहणार असतो. एखादं पात्र निवडा, पण जपून, कारण दोन आठवड्यांत लोक तुमचं खरं नाव विसरणार आहेत आणि पुढचं आयुष्य तुम्हाला त्याच पात्राच्या नावाने काढायचं आहे. आमच्याकडे टॉमदादा सांगलीच्या एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. जेरी धायरीला राहते, तिच्या बिल्डिंगला आठवड्यातून चार दिवस टँकर लागतो. पिकाचूची थोरली यंदा बारावीला आहे. पोपायच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ग्रुपवर संध्याकाळपर्यंत नुसते जोडलेले हात होते. कार्टूनमधल्या डोरेमॉनची, म्हणजे त्या यंत्रमांजराची, अधिकृत उंची १२९.३ सेंटीमीटर आणि वजन १२९.३ किलो. आमचा डोरेमॉन डॉक्टरांच्या धाकाने भात सोडून बसलाय आणि रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकतो. शेरखानना ॲसिडिटी आहे. 'शेरखानकाका, उपाशीपोटी चहा बंद करा बघू,' असं मोगली त्यांना कळकळीने सांगतो, तेव्हा हे सगळं 'जंगल बुक' लिहिणाऱ्या किपलिंगने वाचायला हवं होतं असं मला फार वाटतं.

सकाळचा वेळ शुभेच्छांचा. अमेरिकेत १९२८ सालचा मिकी स्वामित्वहक्कातून सुटला तो १ जानेवारी २०२४ ला. आमच्या ग्रुपवर मात्र तो कितीतरी आधीपासून गुलाबाच्या फुलाशेजारी उभा राहून 'नाती जपा, माणसं जोडा' असं सांगत होता. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही तक्रार केली नाही.

आता ज्येष्ठता. ही ग्रुपवर वयावरून ठरत नाही, तुम्ही कुठल्या रविवारी वाढलात त्यावरून ठरते. दूरदर्शनवर ज्यांनी मोगली पाहिला ते सर्वांत वरचे. त्यांच्याकडे ॲन्टेना फिरवल्याच्या आठवणी असतात आणि त्या ऐकून घ्याव्याच लागतात. 'गच्चीवर भाऊ, खिडकीत आई, टीव्हीसमोर मी' हा किस्सा तुम्ही एकवीस जणांकडून ऐकाल. प्रत्येक वेळी 'अगदी अगदी, आमच्याकडेपण' असंच म्हणायचं. त्यानंतर केबलवाले. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि रात्री त्याच चॅनेलवर अचानक जुने काळे-पांढरे इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, हे त्यांचं बालपणीचं एकमेव दुःख. सर्वांत खाली हंगामा चॅनेलवाले: नोबिता, शिनचॅन, हिंदी डबिंग. ही मंडळी आता तीस वर्षांची झाली, त्यांचे गृहकर्जाचे हप्ते सुरू झाले, तरी केबलवाले त्यांना 'तुम्ही लहान आहात रे' असंच म्हणतात. छोटा भीमचं नाव कोणी काढत नाही. ते हैदराबादेत बनतं, २००८ पासून चालू आहे आणि आपली मुलं तेच बघतात, ही तीन कारणं त्याला तुच्छ लेखायला पुरेशी आहेत.

मोगलीच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळा. तो जपानी आहे हे बोलू नका. त्या ५२ भागांची मालिका जपानात १९८९ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे ती १९९३ मध्ये पोचली, हे मी एकदा सहज लिहून गेलो. पलीकडून उत्तर आलं, 'गाणं गुलजारचं आहे.' मी म्हटलं, हो, गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, पण चित्रं जपानची. 'आवाज नानांचा आहे,' दुसरं उत्तर. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या ग्रुपने तो वाघ कायमचा महाराष्ट्रात ठेवून घेतलाय. त्यातून आमचे शेरखान नागपूरचे. त्यांचं म्हणणं, गोष्टीतली सिवनी नागपूरहून जबलपूरला जाताना लागते, म्हणजे मोगली वैदर्भीयच, आणि पुण्या-मुंबईकडच्यांनी त्याला आजवर डावललंय. सिद्धतेसाठी ते नानांच्या आवाजात व्हॉइस नोट पाठवतात. दीड मिनिटाची. ती पूर्ण ऐकावी लागते, कारण शेवटी ते 'कसा वाटला?' असं विचारतात आणि नेमक्या कुठल्या वाक्याबद्दल ते तुम्हाला सांगता यायला हवं.

रात्री अकरानंतर दुःखद सिद्धान्तांची वेळ होते. नवख्या सभासदाला नाव कमवायचं असेल तर याहून सोपा रस्ता नाही. 'कोणाला माहितीये का, नोबिता खरं म्हणजे कोमात होता?' असं लिहायचं आणि पुढे तीन टिंबं द्यायची. रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. पुढच्या आठवड्यात 'शिनचॅन आणि त्याची बहीण अपघातात गेले होते, आईने त्यांच्या आठवणीत चित्रं काढली' हे टाकायचं. एवढ्यावर तुमची दोन वर्षं सुखात निघतील.

इथे कोणीतरी शहाणा निघतोच. तो सांगतो की डोरेमॉन काढणारे फुजिमोतो १९९६ मध्ये वारले आणि त्यांनी गोष्टीला शेवट असा ठेवलाच नव्हता. बॅटरी संपून बंद पडलेला डोरेमॉन आणि मोठा होऊन त्याला दुरुस्त करणारा नोबिता, हा 'शेवटचा भाग' एका चाहत्याने स्वतः काढलेला. शिनचॅनच्या आईची तर बातच सोडा, त्याचा चित्रकार एक पुरुष होता, योशितो उसुई. तो २००९ मध्ये डोंगरावरून पडून गेला. आणि त्याच्यानंतरही ते कार्टं पॅन्ट उतरवून नाचतंच आहे. माहिती अगदी बरोबर असते. म्हणूनच तुम्ही तो शहाणा होऊ नका. रात्रीच्या साडेअकराला, दिवे घालवून, शेजारी घोरणाऱ्या माणसाला जाग येऊ न देता डोळे पुसणाऱ्या लोकांना तारखा सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. शिवाय त्याच लोकांना उद्या सकाळी तुम्ही 'ग्रुपवर नकारात्मकता पसरवणारे' म्हणून आठवाल.

वाद घालायचाच असेल तर पिकाचूच्या शेपटीवर घाला. शेपटीचं टोक काळं होतं, असं निम्म्या ग्रुपला शपथेवर आठवतं. काळी टोकं कानांना आहेत, शेपटी बुडाशी तपकिरी आहे, टोकाला काही नाही. पण 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' यापुढे चित्राचा काय पाड? या वादाची खुमारी अशी की पिकाचू स्वतः ग्रुपवर असतो, त्याच्या डीपीत शेपटी स्पष्ट दिसते आणि तो डीपी उघडून बघायला कोणीही तयार नसतं. खुद्द पिकाचूच्या वडिलांना काळंच टोक आठवतं.

विषय कसा वळवावा हे मात्र अनुभवातूनच यायला हवं. नमुना म्हणून मागच्या मंगळवारचं देतो. कोणीतरी तो जुना फॉरवर्ड टाकला की पालकातलं लोह मोजताना एका शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं, आकडा दहापट झाला आणि त्यामुळे पोपाय पालक खायला लागला. आमचे शहाणे लगेच उठले: दशांश चिन्हाची ती गोष्टच मुळात दंतकथा आहे. दुसऱ्या शहाण्याने भर घातली की १९२९ मध्ये पोपाय पहिल्यांदा चित्रपट्टीत आला तेव्हा पालकाचा पत्ताच नव्हता, एका कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवून तो बंदुकीच्या गोळ्यांतून वाचला होता. ही ग्रुपवर आलेली गेल्या वर्षभरातली सर्वांत सुरस माहिती. मी पुढे काय येतंय म्हणून सरसावून बसलो.

जेरीने लिहिलं, 'आमच्याकडे पालकाची पातळ भाजीच आवडते. दाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून.'

पुढचे दोन तास डाळ आदल्या रात्री भिजवावी की सकाळी, ताक घालावं की चिंच, आणि वरून लसणाची फोडणी दिली तर पोपायच्या सासूबाईंना चालेल का, यावर गेले. ऑपरेशननंतर लसूण चालतो, असं टॉमदादांनी अधिकाराने सांगितलं. पतसंस्थेत वसुलीला असलेल्या माणसाला हे कसं माहीत, असं विचारायचं नसतं. कोंबडीचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

'ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन) म्हणजे कार्टून नव्हे' असं म्हणणारा एक मुलगा प्रत्येक ग्रुपवर असतो. त्याला बोलू द्या. त्याचा आवाज हळूहळू बारीक होतो आणि मग तो 'ग्रुप सोडला' या राखाडी ओळीत दिसतो. तीन दिवसांनी ॲडमिन त्याला परत ॲड करतो, कारण स्टिकर बनवता येणारा तो एकटाच.

१ मे ला मराठी अस्मिता. या दिवशी काय टाकायचं ते ठरलेलं आहे: दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक करून हलवत 'आगकाड्यांची मौज' केली, सबब ॲनिमेशन आपणच सुरू केलं. सबबच्या आधीचा भाग अभिमानाचाच आहे. नंतरचा भाग ग्रुपचा. आता गंमत बघा. विजया मुळे नावाच्या मुंबईत जन्मलेल्या बाईंनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' केली. भीमसेन खुरानांची रेखाटनं, राम मोहन यांचं ॲनिमेशन, जेमतेम सात मिनिटं. ती प्रत्येकाने लहानपणी पाहिलीय, गाणं प्रत्येकाला पाठ आहे आणि आजही फोनवर बघता येते. पण ती मराठी बाईने केली, हे मी लिहिलं तेव्हा एक अंगठा आला. फाळक्यांच्या आगकाड्यांना एकशे बारा आले होते. न पाहिलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगणं सोपं जातं, कारण तिथे आवडली का असं कोणी विचारत नाही.

एवढं सगळं मला कसं कळलं? मीही नवा होतो, आणि तेव्हा मला कोणी सल्ला दिला नव्हता. सामील झाल्याच्या नवव्या दिवशी दुपारी चार वाजता मी जीव ओतून एक पोस्ट लिहिली. हॅना आणि बार्बेराने केलेल्या ११४ टॉम अँड जेरींना सात ऑस्कर मिळाले. पण लहानपणी अधूनमधून एक विचित्र टॉम अँड जेरी लागायचं, आठवतंय का? आवाज विहिरीतून आल्यासारखे, हालचाली झटके दिल्यासारख्या, काहीतरी बिनसलंय असं वाटून पोटात गोळा यायचा. तुम्ही बिघडला नव्हता, टीव्हीही बिघडला नव्हता. ते १३ भाग १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये बनले, पोलादी पडद्यापलीकडच्या कम्युनिस्ट राजवटीत, तुटपुंज्या पैशांत. करून घेणारा जीन डाइच हा अमेरिकन, आणि हातातली माणसं अशी की त्यांनी मूळचं टॉम अँड जेरी फारसं पाहिलेलंच नव्हतं. ऐकीव टॉम काढला त्यांनी. मला हे फार हलवून गेलं होतं. लहानपणीच्या भीतीला एक पत्ता मिळाला होता.

निळ्या खुणा दिसल्या. वाचणाऱ्यांची यादी काढून पाहिली, त्रेसष्ट जण. चाळीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग टॉमदादा टाइप करताना दिसले.

'हे माझ्याबद्दल आहे का?'

मी लिहिलं, नाही दादा, प्रागमधल्या टॉमबद्दल.

'मी प्रागला गेलेलो नाही. मिसेसना विचारा.'

पिकाचूने विचारलं, प्राग किती दिवसांत होतं? मोगलीने सहा रात्री सात दिवसांच्या एका पॅकेजची जाहिरात टाकली, 'मराठी जेवणासह'. डोरेमॉन म्हणाला, जेवणात भात असेल तर मी येत नाही. ॲडमिनने दोन हात जोडून 'कृपया विषयाला धरून' असं लिहिलं आणि ते मला होतं.

रात्री सव्वानऊला जेरीने नेहमीसारखं विचारलं, 'टॉमदादा, जेवलात का?'

'आत्ताच. पिठलं-भाकरी.'

मी फोन ठेवून देणार होतो. काय झालं कोण जाणे, लिहिलं: 'बेसनाचं की कुळथाचं?'

'हुलग्याचं,' टॉमदादा म्हणाले. 'कुळीथ तुमच्याकडे.'

बारा मिनिटांत अठ्ठावीस उत्तरं आली. कोकणातली कधीही न बोलणारी चार माणसं जागी झाली. जेरीने मला पहिल्यांदा 'दादा' म्हटलं. पोपायने सासूबाईंना उठवून त्यांची पद्धत विचारून घेतली. आणि पावणेबाराला, दुःखद सिद्धान्तांची वेळ टळून गेल्यावर, शेरखानकाकांची दीड मिनिटाची व्हॉइस नोट आली. नानांच्या आवाजात. पूर्ण ऐकली. शेवटी त्यांनी खर्जात, जंगल थरथरावं अशा सुरात विचारलं होतं, 'त्यात लसूण टाकता का नाही?'